तात्यांची पहिली मयत

तात्यांच्या हातात माइक दिसला की भाषणं करणारी माणसं सावध व्हायची. आमच्याकडे चितेला अग्नी देण्याआधी श्रद्धांजलीची भाषणं होतात. आधी गावातले, मग तालुक्यातले, आणि जो सगळ्यांत उशिरा येतो तो सगळ्यांत मोठा. आमच्या कन्हेरी गावात कुणाला कुणानंतर पुकारायचं हे तात्या ठरवत. बोलणारा लांबला की ते शेजारी जाऊन उभे राहत आणि म्हणत, ‘‘आवरा आता. त्याला उन्हात ठेवलंय.’’ हे म्हणताना ते माइकपासून तोंड फारसं लांब नेत नसत.

स्वतः ते कधी बोलले नाहीत. एकदा मी कारण विचारलं. ‘‘सर, खरं बोलावं तर घरच्यांना लागतंय. खोटं बोलावं तर ज्याच्यासाठी बोलायचं त्यो ऐकत न्हाय,’’ ते म्हणाले. मी कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेला. मला त्यांनी एकदाही पुकारलं नाही, आणि हा मी माझा सन्मान समजत आलो.

गावातलीच मनीषा पुण्यात सिनेमा शिकून आली आणि तिनं याच भाषणांवर सिनेमा काढला. म्हातारा मेलाय, भाषणं संपत नाहीत, चिता पेटत नाही, अशी गोष्ट. मोठा निर्माता कुणी नव्हता. जेवण गावाचं, गर्दी गावाची. तात्यांनी नेहमीसारखा माइक धरावा, अशी तिची इच्छा. तात्यांनी मात्र तिरडी मागितली. ‘‘जन्मभर हिकडून बघितलं. एकदा तिकडून बघू दे.’’ मनीषानं एवढंच बजावलं, ‘‘तात्या, मी कट म्हणेपर्यंत हलायचं नाही.’’

आता आण्णांबद्दल सांगायला हवं. आण्णा म्हणजे गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. पोरवयात ते आणि तात्या गावाबाहेरच्या माळावर एकत्र शेळ्या राखायचे. पुढं सोसायटीच्या निवडणुकीत तात्या समोरच्या पॅनेलकडून उभे राहिले आणि दोघांचं बोलणं तुटलं, ते म्हातारपण आलं तरी तुटलेलंच. स्मशानात तात्या आण्णांचं नाव पुकारत, आण्णा माइक घेत, आणि तेवढ्या वेळात दोघंही चितेकडे पाहत.

शूटिंगच्या दिवशी कॅमेरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, उसाच्या वाढ्यांआड लपवला होता. लोकांनी त्याच्याकडे बघत बसू नये म्हणून. तात्या तिरडीवर, नाकात कापूस. त्याच वेळी महिनाभर भवानीनगरला लेकीकडे राहून परतणाऱ्या आण्णांना रस्त्यावरून गर्दी दिसली. सिनेमाचं त्यांच्या कानावर आलं नव्हतं. गर्दी, तिरडी आणि माइक एकत्र दिसले की आण्णांची गाडी आपोआप थांबत असे. ‘‘कोण गेलं?’’ त्यांनी विचारलं. आण्णांनाही सिनेमात घेतलंय असं समजून कुणीतरी गंभीर चेहरा केला आणि म्हणालं, ‘‘तात्या.’’

आण्णांनी माइक घेतला. सुरुवातीला ती न भरून येणारी पोकळी आली, परिसरावर शोककळा पसरली. मग ते मध्येच थांबले. चष्मा काढला.

‘‘आरं, जायच्या आधी मला सांगायचं तरी. माळावर ताप चढला तवा तू मला पाठीवर टाकून घरी आणलंस. आनि मी एका खुर्चीपायी तुझ्याशी बोललो न्हाय. चुकलं माझं. ऐकतुयास का?’’

आण्णा रडत होते. कुणी हललं नाही. तात्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाण्याची एक धार कानाकडे गेली, ती मला दिसली. मनीषाला कट म्हणायला फार वेळ लागला. ती म्हणाली आणि तात्या उठून बसले. आण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, माइक त्यांच्या मांडीवर ठेवला आणि गाडीत बसून निघून गेले.

त्या प्रसंगावर सिनेमा उभा राहणार होता, पण आण्णांच्या संमतीवाचून मनीषा तो वापरणार नव्हती. ‘‘मी जातो,’’ तात्या म्हणाले. सोबत मला नेलं.

आण्णा ओसरीवर बसले होते. ‘‘जिता व्हतास तर उठायचं व्हतंस!’’

‘‘उठलो असतो तर बोलला असतास का?’’

आण्णांनी सरकून शेजारी जागा केली. मग आत हाक मारली, ‘‘चहा टाका. तात्या आलाय.’’ आणि चहा संपत आल्यावर म्हणाले, ‘‘लोक हसतील मला.’’

‘‘हसू दे. शेजारी मी बसतो.’’

पुण्याच्या महोत्सवात पहिला खेळ होता. आधी दीपप्रज्वलन, सत्कार आणि चित्रपटकलेवर भाषणं झाली. ‘‘हितं बी हायतच,’’ तात्या पुटपुटले. शोककळेला सगळं थिएटर हसलं. शेजारी इस्त्रीची टोपी घातलेले आण्णा खाली बघत बसले. तात्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. पडद्यावरचे आण्णा रडू लागले तेव्हा हसणं विरळ होत गेलं आणि शेवटी थांबलं. बाहेर एका बाईंनी आण्णांच्या अभिनयाचं कौतुक केलं. आण्णांनी तात्यांकडे बोट दाखवलं. ‘‘नट मी न्हाय, ह्यो हाय. मला तर ठाऊकच नव्हतं.’’

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तात्या खरोखर गेले. माइक मनीषाकडे होता. मोठी माणसं आली, पोकळीबद्दल सावकाश बोलली. त्यांना अडवणारं आता कुणी नव्हतं. तिनं शेवटी आण्णांचं नाव पुकारलं. आण्णा तिरडीजवळ गेले आणि बराच वेळ तात्यांच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहत राहिले. मग माइक घेतला.

‘‘माझं बोलून झालंय. त्यानं ऐकलंय. आवरा आता, त्याला उन्हात ठेवलंय.’’