भाजलेलं नवधान्य

बी हे सजीव असतं, असं मी शाळेत दरवर्षी शिकवत असे. घरी मात्र ते मी भाजलं.

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्ल्यांत आम्ही मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतो. इतक्या वर्षांत आम्ही तमिळ शेजाऱ्यांकडून पुष्कळ काही उचललं. त्यातलीच एक रीत पालिकैची. लग्नाच्या आधी मातीच्या पसरट भांड्यांत, म्हणजे पालिकैत, सुवासिनी नवधान्य पेरतात, वर दूधपाणी शिंपडतात. कोंब तरारून आले की नवरानवरीचा संसारही तसाच तरारणार! आणि नाही आले तर? हा प्रश्न आमच्याकडे कोणी मोठ्यानं विचारत नसे.

माझ्या धाकट्या बहिणीचं, तुळजाचं लग्न ठरलं होतं. मुलगा कुंभकोणमचा, बँकेतला, हसऱ्या चेहऱ्याचा. तुळजाला तो इतका आवडला होता की त्याचा विषय निघाला की ती उगाचच भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायची. अडचण होती ती विहीणबाईंची. थोरल्या मुलाची पहिली सोयरीक त्यांनी पालिकैवरून मोडली, अशी बातमी आमच्यापर्यंत आली होती. त्यामुळे आईनं नवधान्य फार आधी आणून डब्यात भरून ठेवलं. इतकं आधी, की त्याला कीड लागली.

"अय्यो! अस्की धान्यांत किडेच किडे!" आई डबा घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "तू जीवशास्त्राचा मास्तर ना रे? मग ह्यांस काय तरी कर."

आता इथे डबा उन्हात ठेवून मोकळं व्हावं की नाही? पण मला कोणी विषयातलं विचारलं की माझा तास सुरू होतो. किडा सजीव आहे, तो श्वास घेतो, अन्न खातो, त्याची वाढ होते, आणि तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की तो मरतो, हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. (तेवढ्या वेळात किड्यांची आणखी थोडी वाढ झाली असावी.)

त्याच सुमारास देशाची दारं परदेशी मालाला उघडली होती आणि आमच्या दारातून एक विजेचा ओव्हन आत आला होता. तो मीच हौसेनं आणला होता. त्यात काय भाजायचं हे घरात कोणालाच माहीत नसल्यामुळे त्याच्यावर भरतकामाचं कापड आणि वर प्लास्टिकची फुलं होती. मी फुलं काढली, कापड काढलं, आणि नवधान्य ताटात पसरून आत सरकवलं.

किडे मेले. सगळे! घरभर असा खमंग वास सुटला की शेजारणी "आज काय विशेष?" म्हणून डोकावून गेल्या. आई म्हणाली, "शिकलेला मुलगा घरांत असला की बरं असतं." खरं तर तो वास आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण कौतुक चाललेलं असताना माणसाचं नाक काम करत नाही.

ठरल्या दिवशी सुवासिनी आल्या, गाणी झाली, पालिकै पेरल्या. मग आम्ही वाट बघू लागलो. भांड्यांत माती, मातीत धान्य, आणि धान्यात कमालीची शांतता.

"दृष्ट लागली कोणाची तरी," आई म्हणाली.

"माती वाईट. आमच्या कावेरीकाठची आणवायची होती," काका म्हणाले. ते तिरुवैयारूचे शेतकरी. जगातली प्रत्येक अडचण त्यांच्या मते मातीची असते.

"अंकुरणाला पाणी, हवा आणि ऊब लागते," मी म्हणालो. "धीर धरा!"

तुळजानं तर कॅलेंडरकडे बघणंही सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात फळ्यावर लिहीत होतो: बीमध्ये जिवंत भ्रूण सुप्तावस्थेत असतो. अति उष्णतेने तो… इथे माझा खडू थांबला. ओव्हन डोळ्यांपुढे आला, आई आली, कॅलेंडर आलं. उरलेला तास मुलांना मनातल्या मनात धडा वाचायला सांगून मी खुर्चीत बसून राहिलो.

घरी सांगायची हिंमत नव्हती. मी गुपचूप मूग भिजवले, आणि सगळे दुपारचे लवंडल्यावर पालिकैत पेरून आलो. येताना आई मागच्या दारात दिसली. पदराखाली काहीतरी झाकून ती म्हणाली, "उकाडा फार आहे नाही?" मीही म्हणालो, "फार!" आणि दोघं दोन दिशांना गेलो.

मग जे उगवलं, ते काय सांगू! मूग तर आलेच. पण त्यांच्या खांद्याला खांदा लावून मोहरी आली, मोहरीच्या पायाशी मेथी आली. मी मोहरी पेरली नव्हती. मेथी तर मुळीच नाही! आणि विहीणबाई यायच्या त्या सकाळी पाहतो तो मधल्या पालिकैत वीतभर उंचीचं भात डुलत होतं. एका रात्रीत! जीवशास्त्रात याला काही आधार नव्हता. काकांच्या नखांत चिखल मात्र होता.

विहीणबाई आल्या. कॉफी बाजूला ठेवून त्या सरळ पालिकैपुढे जाऊन बसल्या.

"नवधान्यांत मेथी कधीपासून?"

मी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, निसर्गात विविधता…"

त्यांनी भाताचं एक रोप दोन बोटांनी धरलं. ते अलगद मुळासकट वर आलं. "उरलेलं धान्य असंल की. आणा पाहू."

आईनं डबा आणला. विहीणबाईंनी एक हरभरा उचलून तोंडात टाकला. कुर्रम! कच्चा हरभरा असा फुटत नाही, हे तंजावूर जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी आणखी एक टाकला.

"हे भाजलेलं आहे," त्या म्हणाल्या. "आणि छान भाजलं आहे. कोणी?"

"अण्णानं!" तुळजा माझ्याकडे बोट दाखवून पटकन बोलली. "किडे मारायला. मला त्याच दिवशी वास आला होता. पण आई त्याचं एवढं कौतुक करत होती, म्हटलं कसाला बोलायचं… मेथी मी पेरली, मामी. खोटं नाही बोलत." आणि ती रडायलाच लागली.

"मोहरी माझी," आई पुटपुटली.

"भात आमच्या शेतचं," काका म्हणाले. "माती उत्तम आहे."

मी म्हणालो, "मूग."

विहीणबाईंनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मग म्हणाल्या, "थोरल्याच्या वेळेस त्या लोकांनी दुसऱ्याच्या घरच्या पालिकै आणून आपल्या म्हणून ठेवल्या होत्या. शेवटपर्यंत कबूल झाले नाहीत, म्हणून मी मोडलं. उगवलं नाही म्हणून कोण लग्न मोडतं?" आणि तुळजाला जवळ ओढून त्या इतक्या हसल्या की कॉफी पुन्हा गरम करावी लागली. "चौघं एकमेकांपासून लपून एका मुलीसाठी पेरतात! हेंच घर हवं मला. तो डबा तेवढा इकडे द्या."

लग्न थाटात झालं. नवधान्याची ती अजब बाग आम्ही रीतीप्रमाणे कावेरीत सोडली; भाताची रोपं काकांनी तेवढी परत नेली.

यथावकाश तुळजाला मुलगी झाली. मी धावत कुंभकोणम गाठलं. विहीणबाईंनी दुपट्यात गुंडाळलेलं ते गुलाबी गाठोडं माझ्या हातांत दिलं, पण लगेच सोडलं नाही. घरात कोणी ओव्हन आणून ठेवला आहे की काय, अशा नजरेनं त्यांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि मग हळूच म्हणाल्या, "मास्तर, सांभाळून हं. हे सजीव आहे."