पत्र्याखालची अभ्यासिका

"म्याडम, वर पत्राच टाका. डोक्यावर वजन नको मला," सर म्हणाले. ड्रॉइंगवरच्या स्लॅबवर त्यांनी सरळ फुली मारली.

सर म्हणजे लातूरमधल्या कोचिंग क्लासचे मालक. नवी इमारत, सगळ्यात वर अभ्यासिका. भूकंपात त्यांची आई माळवदाखाली, मातीच्या जड छताखाली, गेली. भूकंपात टिकणारा स्लॅब बांधता येतो, हे मी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं आणि पत्राच मागितला.

"टाक पत्रा," आमच्या आर्किटेक्ट ऑफिसचे साहेब मला म्हणाले. "पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला, पूर्ण काच. एसी लावतील."

"आणि मे महिन्यात लाईट गेली की?"

"एनर्जी मॉडेल नंतर पुण्याहून करून घेऊ."

एनर्जी मॉडेल म्हणजे इमारत किती तापेल याचा हिशोब. या 'नंतर'ची मला मनस्वी चीड आहे. सगळं ठरल्यावर मॉडेल फक्त एसी केवढा लागेल तेवढं सांगतं. मी माझं साधं मॉडेल स्वतःच केलं. अभ्यासिका म्हणजे एक खोकं धरलं. छत, खिडक्या, ऊन, वारा आणि आत बसलेली मुलं. बाकी सगळं सोडून दिलं. जिनासुद्धा कुठे ठरला होता!

साहेब हसले. "हे शाळेतलं गणित झालं."

"हो. म्हणून आजच सुटलं."

मेमधल्या दुपारी खोली बाहेरच्या रस्त्यापेक्षा जास्त तापणार होती. सरांना दाखवलं तर ते उसळले. "मंग पोरं भाजू देऊ, का दबू देऊ?"

स्लॅबचा विषय मी तिथेच सोडला. त्यांच्यासमोरच खोक्याचं छत बदललं. वर पत्रा, मध्ये हवा खेळायला पोकळी, खाली उष्णता अडवणारं हलकं इन्सुलेशन. पश्चिमेची काच काढली, खिडक्या उत्तरेला नेल्या. आकडा लगेच खाली आला.

"याचं वजन?"

"स्लॅबच्या मानानं काहीच नाही."

साहेब तडकले. "काच गेली तर बिल्डिंगला शो काय राहिला?"

"काच ठेवा. ड्रॉइंगवर माझं नाव घालू नका."

सरांनी स्क्रीनवरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "काच काढा," ते म्हणाले. "शो बघायला न्हाई येत पोरं."

इमारत उभी राहिल्यावर मेमध्ये मी मुद्दाम दुपारी अभ्यासिकेत गेले. लाईट गेलेली. मुलं घामेजली होती, पण एकही उठून गेलं नव्हतं. सरही त्यांच्यातच बसून पेपर तपासत होते.

पुण्याचा रिपोर्ट त्यानंतर आला. माझा आकडा थोडा चुकला होता, आणि साहेबांनी ते ऑफिसभर सांगितलं. खुशाल सांगोत. बिनचूक आकड्याची वाट बघत बसले असते, तर एव्हाना तिथे काच बसली असती.