बंड्याची तिसरी वाटी

दुधी आणि मऊ भात कालवून मी वाटी बंड्यापुढे ठेवली. त्याने हुंगलं आणि मान फिरवली. सकाळपासून ही तिसरी वाटी. आमचा हा कुत्रा चौदा वर्षांचा आहे. त्याची मूत्रपिंडं थकलीत, म्हणून डॉक्टरांनी मीठ, मटण सगळं बंद केलंय. काल भातात लपवलेली गोळी तेवढी त्याने चाटूनपुसून बाजूला काढून ठेवली होती.

"अगं, नसेल भूक त्याला," नवरा म्हणाला.

"रिकाम्या पोटी औषध देता येत नाही. मग तूच भरव!"

आपल्या हातचं कुणी खाल्लं नाही की येणारा राग नेमका कशाचा असतो? कष्ट वाया गेल्याचा म्हणावा, तर दुधीभाताला कष्ट ते कसले? आपण एखाद्याला धरून ठेवू पाहतो आणि तो हळूहळू सुटत जातो, त्याचाच असावा.

पण त्या क्षणी एवढं कुठलं सुचायला! "मर मग उपाशी!" मी ओरडले.

बंड्याला हल्ली ऐकू येत नाही. माझे ओठ हलताना पाहून, मी लाडाने काहीतरी बोलतेय असं समजून, तो शेपटी हलवत राहिला.