आयाकुचोची मिठी

बाबांनी मला मराठी वाचायला शिकवलं ते पत्रकांवर. मुंबईत युनियनचं काम करताना त्यांनी स्वतः लिहिलेली ती पत्रकं आईच्या साड्यांच्या घड्यांत लपून दुबईला आली होती. त्यातलं लाल कव्हरचं मला तोंडपाठ होतं: आयाकुचोची लढाई. १८२४ साली पेरूच्या डोंगरात स्पेनची फौज हरली आणि दक्षिण अमेरिका खंडावरचं त्यांचं राज्य खलास झालं.

२००८च्या मंदीनंतरच्या हिवाळ्यात मी नववीत होते. शाळेच्या प्रोजेक्टसाठी मी हीच लढाई निवडली, आणि पत्रकात नसलेली एक गोष्ट मला लायब्ररीत सापडली. दोन्ही सैन्यांत एकमेकांचे भाऊ, मित्र होते. लढाईआधी त्यांना मधल्या मोकळ्या जागेत भेटू दिलं. त्यांनी मिठ्या मारल्या आणि आपापल्या बाजूला परत जाऊन ते लढले. मला ते भयंकर वाटलं. हे तुम्ही का गाळलंत, असं मी बाबांना विचारलं.

"असलं वाचून कार्यकर्ते ढिले पडतात," ते म्हणाले.

पत्रकं लिहिणारे बाबा तोवर एका बांधकाम कंपनीत एचआर मॅनेजर झाले होते. अल कुसैसला आमच्याच मजल्यावर काका राहायचे. ते बाबांचे युनियनपासूनचे दोस्त. त्यांना याच कंपनीत सुपरवायझर म्हणून बाबांनीच आणलं होतं. एका गुरुवारी बाबा स्वयंपाकघरात आईला हळू आवाजात म्हणाले, की रविवारी लोकांना काढल्याची पत्रं निघतील, त्यात काकांचंही आहे. मी फ्रीजपाशी उभी होते. ऑफिसने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि आम्हा तिघांचा व्हिसा बाबांच्या नोकरीवर होता.

शुक्रवारी काका नेहमीसारखे पोहे खायला आले. शारजाच्या एका कंपनीने त्यांना नोकरी देऊ केली होती. पगार कमी, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्तर हवं होतं.

"बॉस, खरं सांग. लिस्टमध्ये मी आहे का? असेन तर आत्ताच त्यांना हो म्हणतो."

"तुला कोण हात लावतंय? पोहे खा, गार होतायत."

आईने त्यांच्या ताटलीत आणखी पोहे वाढले. काकांनी तिथेच बसून शारजाला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं.

रविवारी पत्र मिळालं. सोमवारी शारजाची जागा भरली गेली होती. महिन्याभराने काका, काकू, त्यांची मुलगी मुंबईला परतायला सामान बांधून आमच्या दारात निरोपाला उभे राहिले. त्या मुलीची दहावी तीन महिन्यांवर आली होती. मला वाटलं, आता काका बाबांना जाब विचारतील. पण त्यांनी बाबांना घट्ट मिठी मारली.

"तू शेवटपर्यंत भांडला असशील माझ्यासाठी. मी ओळखतो तुला."

काकांच्या खांद्यावरून बाबा माझ्याकडे बघत होते. अन्यायासमोर गप्प बसणारा अन्यायाचा भागीदार, असं बाबांनी प्रत्येक पत्रकात लिहिलं होतं. त्या दारात हे पाठ असूनही गप्प असलेली दोन माणसं होती, बाबा आणि मी.

आयाकुचोच्या मैदानात मिठी मारताना समोरचा कुठल्या बाजूचा आहे, हे निदान दोघांनाही माहीत होतं.

मी काकांची बॅग उचलून लिफ्टपर्यंत नेली.