अडवलेला नगारा

जावातल्या आमच्या क्लातेनकडच्या गावात पोरांना नमाज-रोजा शिकवावा तो सुहार्तीनंच. सकाळी बाजारात टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या विकायची, दुपार टळली की मशिदीच्या ओसरीवर पोरं गोळा करायची. पगार नाही, मानही नाही. नमाजाआधी हातपाय धुताना, वुजू करताना, कुणी नुसतंच पाणी उडवलं, तर म्हणायची, "बदकं सोडलीत का रे इथं?" यापलीकडे रागावणं नाही.

एका रमजानात टीव्हीवर पूर्वेकडच्या सुराबाया शहराची अजान लागली. तिकडं सूर्य आधी मावळतो, हे पोरांना काय ठाऊक! निम्म्यांनी वेळेआधीच रोजा सोडला आणि मग रडारड. तेव्हापासून तिनं बजावलं, "अजान कुठूनही ऐकू येऊ दे, आपल्या मशिदीचा नगारा वाजल्याशिवाय घोट घ्यायचा नाही."

हीच शिकवण आमच्या मशिदीच्या अध्यक्षांनी, हाजी मुल्योनोंनी, पोरांवर उलटवली. त्या माणसाची मला अजून किळस येते. त्या संध्याकाळी शहरातला एक कंत्राटदार पोरांना खाऊचे डबे वाटायला येणार होता. पोरं रांगेत, पुढ्यात चहाचे पेले. मी नारळाच्या दुधातली केळी वाढत होते. सात वर्षांच्या निंग्रुमचा पहिलाच पूर्ण रोजा. तिचे ओठ सुकून पांढरे पडलेले. सूर्य मावळला, शेजारच्या गावची अजानही झाली. मुल्योनो मात्र नगाऱ्याची टिपरी काखेत मारून उभे.

"हाजी, वेळ झाली की!" मी म्हटलं.

"त्यांची गाडी वळणावर आलीय. रोजा सोडतानाचाच फोटो हवाय त्यांना. थोडं थांबली तर काय मरतात का पोरं?"

"प्या रे पोरांनो," सुहार्ती म्हणाली. पण एकानंही पेल्याला हात लावला नाही.

"बाई, आपला नगारा कुठं वाजलाय?" निंग्रुम म्हणाली.

सुहार्तीचा चेहरा पडला. तिनं माझ्या हातातला पळा हिसकावला आणि सरळ नगाऱ्यावर हाणला. दूध उडून मुल्योनोंच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर पडलं. पोरं घटाघटा प्यायली.

मग गाडी आली. मुल्योनोंनी निर्लज्जपणे हुकूम सोडला, "रिकामे पेले तोंडाला लावा. हसा!"

पोरांनी लावले. निंग्रुमनं आपला पेला पाठीमागं लपवला. "मी रोजा सोडलाय. आता खोटा कशाला सोडू?"

"मग फोटोत नाही, तर डबाही नाही," मुल्योनो म्हणाले. एवढ्याशा पोरीला! वर सुहार्तीला बजावलं, "उद्यापासून तुम्हीही ओसरीवर दिसू नका."

"बरं," म्हणून ती निंग्रुमला घेऊन निघाली. कंत्राटदार तोवर आपला फोटो बघण्यात दंग होता.

दुसऱ्या संध्याकाळी पोरं सुहार्तीच्या अंगणात जमली. मशिदीचा नगारा अगदी वेळेवर वाजला. कुणीच पेला उचलला नाही.

"बाई," निंग्रुमनं विचारलं, "खरंच वेळ झालीय ना?"