कूलर सुरू होता, प्लग निघालेला होता

वेळ दुपारी साडेतीन. स्थळ सेलू, बसस्टँडमागची गल्ली, शंकरभाऊंच्या सायकल दुकानातली आतली खोली. महिना मे. लाईट गेलेली नव्हती. कूलर सुरू होता. व्हिडिओ गेमच्या मशीनचं बटन बंद होतं आणि प्लग बोर्डातून काढून बाजूच्या स्टुलावर ठेवलेला होता.

तीस वर्षं पत्रकारिता केली, पण ही बातमी मला कधी छापता आली नाही. कारण तिच्यात आरोपी मीच आहे!

आम्ही चौघं. बंडू, त्याची मोठी बहीण वंदना, संजय आणि मी. आज बंडू तहसीलमध्ये क्लार्क आहे, वंदना आंजीला मुख्याध्यापिका आहे आणि संजयचं औषधाचं दुकान आहे. कोणाच्याही घरचं लग्न, बारसं, वास्तू असो, चौघं एका पंगतीत बसलो की पहिला भात संपायच्या आत कोणीतरी म्हणतो, "आठवते का बे, शंकरभाऊचं मशीन?" की सुरू. जिल्हा परिषदेच्या कितीतरी सभा मी पहिल्या रांगेत बसून ऐकल्या. त्यातलं एक भाषण आठवत नाही. त्या खोलीतला एकेक गुद्दा आठवतो. आणि दर वेळी गोष्टींची गाडी शेवटी त्या प्लगपाशी येऊन थांबते, आणि तिघं माझ्याकडे बघतात.

म्हणून आज सगळं लिहूनच टाकतो. होऊन जाऊ दे!

*

गेम मारामारीचा. डावीकडून उजवीकडे चालत जायचं आणि समोर येईल त्याला हाणायचं. एका वेळी तिघं खेळू शकायचे, तीन दांडे होते. नावं इंग्रजीत होती, ती कोणी वाचली नाहीत. आम्ही आमची ठेवली. एक पैलवान, एक टोपीवाला, एक बाई. आणि सगळ्यात शेवटी भेटणारा, म्हणे, टकला. 'म्हणे' अशासाठी की त्याला सेलूत कोणी पाहिलेलं नव्हतं. नागपूरहून सुट्टीला आलेला एक जण सांगून गेला होता, तेवढंच.

ही माणसं मारामारी कशासाठी करतात, हा मोठा प्रश्न होता. मधेमधे पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहून यायचं. बंडूचं इंग्रजी आमच्यात बरं, म्हणजे त्याला दोन वेळा पास केलं होतं. त्याने ते वाचल्यासारखं केलं आणि जाहीर केलं, "टकल्यानं पैलवानाच्या वावराचा धुरा कोरला."

धुरा म्हणजे शेताचा बांध. एवढं कारण सेलूत पुरेसं होतं!

संजयने फक्त एक शंका काढली. "मंग हे तलाठ्याकडे काऊन नाई गेले?"

बंडू म्हणाला, "गेलते. पयल्या लेव्हलचा जाड्या तलाठीच होय."

त्या दिवसापासून पहिल्या लेव्हलच्या जाड्याला सगळ्या गल्लीने जास्तीचे दोन गुद्दे हाणले. आंजीहून बाजाराला येणारा एक गडी तर खेळायचा नाही, नुसता उभा राहायचा. जाड्या पडला की समाधानाने सायकलवर बसून परत जायचा.

*

वंदना पहिल्यांदा आली ती बंडूला घरी न्यायला. आईने पाठवलं होतं. बंडू म्हणाला, "हा डाव मरू दे." तो मरेना. मग तिने त्याला कोपराने बाजूला केलं आणि म्हणाली, "सरक, मी मारून देतो तुले."

मरणं दूरच, तिने पैलवान घेऊन एका दमात तीन लेव्हल काढल्या! मागे पोट्टे गोळा झाले. शंकरभाऊ हातातलं पंक्चर सोडून आत आले.

दुसऱ्या दिवसापासून पैलवान वंदनाचा. टोपीवाला संजयकडे आधीपासून होता. राहिली बाई. ती बंडूला आली. बंडूने खूप आदळआपट केली. "मी पोट्टा आहो! मी बाई काऊन घेऊ?"

वंदना म्हणाली, "तुले जमत असंल त घे. तिले लाथ चांगली मारता येते."

बंडू चार दिवस रुसला. मग आला आणि गुपचूप बाई घेऊन खेळायला लागला. आज तहसीलमध्ये त्याच्या टेबलासमोर कोणी आरडाओरडा केला की तो शांत बसून राहतो. मला विचाराल तर, ती लाथ तो मनातल्या मनात मारत असतो.

मला दांडा कधीच मिळाला नाही. तीन दांडे, चार माणसं. मी मागे बोर्डापाशी उभा राहून ओरडायचो. "मागून आला! ड्रम फोड! संज्या, तुया डोक्यावर!" पुढे हेच पोटापाण्याला लागलं. दुसरे मारामारी करतात आणि मी बाजूला उभा राहून ओरडतो.

*

या गेममध्ये ड्रम फोडला की आतून भाजलेली कोंबडी निघायची. ती खाल्ली की गेलेला जीव भरायचा. संजयच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. त्याचा टोपीवाला मरायला टेकला की कोंबडीपर्यंत जायचा, तिच्यासमोर उभा राहायचा आणि मरायचा.

"अबे खा ना!" बंडू ओरडायचा.

"आज एकादशी आहे."

"टोपीवाल्याले काय एकादशी?"

"दांडा त माह्याच हातात आहे!"

शेवटी वंदनाने सांगितलं की घरी विचारून ये. संजयने आईला खरंच विचारलं. माउलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "खाल्ली त खाल्ली. घरात शिरायच्या आधी आंगोळ करजो."

झालं! संजय कोंबडी खायला लागला. टोपीवाला दणकट झाला. आणि संजय दिवसातून चार-चार वेळा मागच्या अंगणात आंघोळ करायला लागला. मे महिना, नळ एक दिवसाआड. आठ दिवसांनी त्याची आई स्वतः दुकानावर आली. आमच्याकडे बघितलंही नाही. थेट मशीनकडे बोट करून शंकरभाऊंना म्हणाली, "भाऊ, याच्यात केळं टाकता येत नाई काय? टाकी खाली झाली माही!"

*

माझे वडील, बाबूजी, शाळेत गणित शिकवायचे. दुकानाची ती खोली आमच्याच घराची, भाड्याने दिलेली. त्यांना मशीन नको होतं, पण भाऊंना शब्द देऊन बसले होते. मला मात्र तिथे जायची सक्त मनाई.

एका दुपारी मी बोर्डापाशी उभा राहून ओरडत असताना खोलीत एकदम शांतता पसरली. मागे वळून बघतो तर बाबूजी! हातात छत्री. ऊन आहे म्हणून आणलेली, पण आम्हाला ती वेगळीच दिसली. वंदनाने दांडा सोडला नाही, सोडला असता तर पैलवान मेला असता. म्हणून बाबूजीही थांबले. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी कान पुढे करून तयार उभा. ते मात्र पडद्याकडे बघत होते.

मग म्हणाले, "तुया मागून एक येऊन राह्यला."

वंदनाने वळून हाणला.

बाबूजींनी माझा कान धरला आणि चालायला लागले. घराच्या पायरीवर कान सोडला आणि विचारलं, "तो टोपीवाला हातात आलेली काठी टाकून काऊन देते?"

मी म्हणालो, "तीन वेळा मारलं का ते आपोआप पडते, बाबूजी."

"चुकीचं आहे," ते म्हणाले आणि वह्या तपासायला बसले.

*

शाळा सुरू असतानाची गोष्ट. माझी शाळा सकाळची, बाबूजींची अकराची. शंकरभाऊही अकरालाच कुलूप उघडायचे. एक दिवस ते काळजीत दिसले. मशीनवर हात ठेवून म्हणाले, "हे सकाळीच गरम काऊन राहते बे?"

आम्ही हात लावून बघितला. खरंच गरम! रात्रभर बंद असलेलं मशीन, आणि काच तापलेली. दुसऱ्या दिवशी तेच. भाऊंनी वायरमनला बोलावलं. त्याने स्क्रू ड्रायव्हरने इकडेतिकडे टोचलं आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाला, "व्होल्टेज आहे."

"म्हंजे काय करू?"

"काई नाई. राहू द्या."

भाऊंनी मशीनला लिंबू-मिरची बांधली. बोर्डाजवळचं मागचं दार ओढून बघितलं. ते आमच्या अंगणात उघडायचं आणि त्याची कडी आमच्या बाजूने असायची. दार घट्ट होतं. भाऊ निर्धास्त झाले. मशीन पुढेही गरमच राहिलं.

*

आता ती दुपार.

मशीन नागपूरच्या ज्या माणसाचं होतं, तो ते परत नेणार होता. टेम्पो संध्याकाळी येणार. बंडू आणि वंदनाच्या वडिलांची बदली झाली होती, दोघं पुढच्या आठवड्यात गाव सोडणार होते. म्हणजे टकला बघायचा तर आज, नाहीतर कधीच नाही.

दुपारी एक वाजता तिघं खेळायला बसले. संजय आधीच आंघोळ करून आला होता, नंतरचीही बादली भरून ठेवली होती. बंडूची बाई त्या दिवशी अशी लाथ मारत होती की बोलायची सोय नाही! साडेतीनच्या सुमारास पडदा लाल झाला आणि तो आला. टकला. दोन्ही हातांत चाकू. खोलीत कूलरशिवाय आवाज नाही. मीसुद्धा गप्प. चौघंही पडद्याला नाक लावून. त्याचा जीव कमी होत होत बोटभर राहिला. वंदनाने पैलवानाला उडी मारायला लावली, पैलवान हवेत गेला...

आणि पडदा काळा.

"लाईट गेली!" संजय ओरडला.

कूलर सुरू होता.

आम्ही मागे बघितलं. बटन बंद. प्लग स्टुलावर. पुन्हा लावला, तर मशीन पहिल्यापासून सुरू झालं. पहिल्या लेव्हलचा जाड्या येऊन उभा राहिला. वंदना रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं.

"तू बोर्डापाशी होता."

"मी पुढे आलतो! तुया खांद्याशी होतो!"

"तुले कधी खेळायले भेटलं नाई, म्हून काढला तुनं."

शंकरभाऊ बाहेर सायकलला हवा भरत होते, गिऱ्हाईक साक्षीला होतं. राहिलो मी. माझी बाजू तेव्हा कोणी ऐकली नाही, आजही कोणी ऐकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याने कोणी हे केलं त्याने आधी बटन बंद केलं, मग प्लग काढला, आणि तो लोंबकळत न ठेवता स्टुलावर ठेवला. माझ्यात एवढी शिस्त असती तर मी पत्रकार झालो असतो का?

एका मंत्र्याला भर सभेत प्रश्न विचारून मी घाम फोडला आहे. पण वंदनाने नुसतं "प्लग" म्हटलं की मला वाटीतलं वरण गोड लागत नाही.

*

या उन्हाळ्यात बंडूच्या मुलीने तो गेम लॅपटॉपवर शोधून काढला आणि आमच्या घरच्या टीव्हीला जोडला. तीन रिमोट आणले. तीनच! चौघं जमलो. वंदनाने खेळ सुरू व्हायच्या आधी मला पडद्याच्या बाजूला, सगळ्यांसमोर खुर्चीवर बसवलं.

"इथं बस. दोन्ही हात दिसले पायजे."

चष्मे लावून, गुडघे चोळत तिघं खेळले. बाबूजी दिवाणावर पेपर धरून बसले होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. जाड्या पडला. संजयने कोंबडी खाल्ली आणि सवयीने बाथरूमकडे बघितलं. दोन तासांनी पडदा लाल झाला. टकला आला. माझे दोन्ही हात मांडीवर. वंदनाच्या पैलवानाने उडी मारली, हवेत गेला आणि या वेळी खालीही आला.

टकला पडला!

कोणी टाळी वाजवायच्या आत पेपरमागून आवाज आला. "आता बोट येते."

"काय, बाबूजी?"

"बोट. तिच्यातून म्हातारी उतरते आन् पैलवानाच्या थोबाडीत मारते. मंग नावं येतात."

बोट आली. म्हातारी उतरली. तिने पैलवानाच्या थोबाडीत मारली. मग नावं यायला लागली, पण पडद्याकडे कोणी बघत नव्हतं.

वंदनाने हळूच विचारलं, "बाबूजी, तुमाले कसं माईत?"

बाबूजींनी पेपरची घडी केली. उठले. बोर्डापाशी गेले. आधी बटन बंद केलं. मग प्लग काढला. तो बाजूच्या स्टुलावर ठेवला.

"रस केला आहे," ते म्हणाले. "हात धुऊन घ्या सगळे."

सेलूत ते मशीन एकच होतं, आणि त्यावर टकला कोणी पाडल्याचं आजवर कोणीही सांगितलेलं नाही.