चीजच्या डब्यावरची बारीक अक्षरं

कसबा पेठेतल्या डेअरीत, दुपारच्या पेंगुळलेल्या उन्हात, एक वृद्ध गृहस्थ चीजचा डबा डोळ्यांशी धरून उभे होते.

"अहो, एवढं वाचून दाखवता?" त्यांनी मला विचारलं. "दूध हलालच असतं, पण चीज करताना कधी वासराच्या जठरातला अर्क घालतात, तो हलाल असेलच असं नाही. बायको आजारी आहे. कितीतरी दिवसांनी तिनं काही खायला मागितलंय."

"घेऊन जा की, त्यांना काय कळणार?" दुकानदार म्हणाला.

"तिला आता दिसत नाही," ते हळूच म्हणाले, "म्हणून तर मला बघायला हवं."

अर्क जनावराचा नव्हता. तेवढी ओळ त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

ते गेल्यावर, माझ्यासाठी इतकं बारकाईनं कुणी कधी पाहिलं होतं, ते आठवत मी दुधाच्या वासात उभी राहिले.